कारणाचा रकाना : औषध डेपोच्या प्रकल्प नोंदी, मार्च ते ऑक्टोबर २०२४

ठिकाण : यवतमाळ जिल्हा, पांढरकवड्याच्या अलीकडे. सरकारी औषध कंपनीचा डेपो आणि त्याच्याकडून माल उचलणारी ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे.

काम : साठ्याच्या जागेचं तापमान आपोआप नोंदवणं, बॅच स्कॅन करून घेणं, आणि भांडारातल्या माणसांना जे ठाऊक आहे ते कंपनीच्या गुणवत्ता विभागाला शोधून सापडेल असं लिहून ठेवणं.

४ मार्च

जागेची पाहणी. शेड ४० बाय २५ फूट, भिंती विटांच्या, वर टिन. लांब भिंत पश्चिमेला आणि तिलाच टेकून सलाइनच्या पेट्यांची थप्पी. आतल्या खोलीत दोन आयएलआर (आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेले फ्रीज), एक डीप फ्रीजर. स्टॅबिलायझर तिन्हींना आहेत.

तापमानाच्या वहीत रोज सकाळ-संध्याकाळ एकेक नोंद. गेल्या उन्हाळ्याची पानं चाळली तर आयएलआरचा आकडा कायम ४ नाहीतर ५. कोणतंही यंत्र इतकं शिस्तीत चालत नाही. हे आकडे खुर्चीत बसून भरलेले आहेत, त्यावर काही बांधता येणार नाही.

पण त्याच वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात खरा माल आहे. ‘रात्री लाइन नव्हती, झाकण उघडले नाही, सकाळी बर्फ शाबूत.’ ‘गाडी दुपारी आली, पेट्या हाताला चटका लागेल इतक्या गरम, संध्याकाळपर्यंत रॅकवर लावल्या नाहीत.’ हे शेरे वहीच्या बाहेर कधी गेलेच नाहीत. मुख्यालयात महिन्याला जातो तो फक्त आकड्यांचा तक्ता.

म्हणून कामाची वाटणी आजच ठरली : आकडा यंत्राने लिहायचा, कारण माणसाने. आकड्याच्या रकान्यात माणसाचा हात नको आणि कारणाच्या रकान्यात यंत्राचा अंदाज नको.

याला कागदाचा आधारही आहे. औषध नियमनाच्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्यू१० या २००८ च्या गुणवत्ता मार्गदर्शिकेत ज्ञान व्यवस्थापन आणि जोखीम व्यवस्थापन हे गुणवत्ता प्रणालीचे दोन आधार म्हणून शेजारी-शेजारी मांडले आहेत. गेल्या डिसेंबरअखेर अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एम मध्ये, म्हणजे औषध कारखान्यांसाठीच्या नियमांत, गुणवत्ता प्रणाली, जोखीम व्यवस्थापन आणि संगणकीय यंत्रणा यांच्यासाठी वेगळी कलमं आली. कंपनीच्या कारखान्यात त्याची तयारी जोरात आहे. डेपोपर्यंत मात्र त्यातलं काही पोचलेलं दिसत नाही, आणि माल तर इथेच महिनोन् महिने पडून असतो.

११ मार्च

तापमानाचा नकाशा काढायची मांडणी. चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागा, प्रत्येक जागी तीन उंच्या : जमिनीपासून एक फूट, माणसाच्या छातीएवढी, आणि सगळ्यात वरचा रॅक. एकूण १५ सेन्सर, शिवाय एक बाहेर सावलीत. दर १० मिनिटांनी नोंद, किमान सलग सात दिवस, शेड मालाने भरलेलं असताना. रिकाम्या शेडचा नकाशा सोपा जातो, पण उपयोगाचा नाही. पेट्यांच्या थप्पीमागे हवा फिरत नाही आणि नेमकं तेच बघायचं आहे. हाच नकाशा मे महिन्यात आणि पुन्हा डिसेंबरात काढायचा.

१९ मार्च

सेन्सर डीएस१८बी२०, पोलादी नळीतला. उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात अचूकता अधिक-उणे अर्धा अंश. भांडाराला तेवढी पुरते. जोडणीत अडलेल्या गोष्टी :

पहिला आकडा ८५ दाखवतो. ते तापमान नव्हे. वीज मिळाल्यावर मोजणी पूर्ण होण्याआधी वाचलं की हाच आकडा येतो. पहिलं वाचन टाकून द्यायचं. पुढेही मध्येच ८५ येत असेल तर वीजपुरवठा ढिला आहे असं समजायचं. उणे १२७ आलं तर तार तुटली किंवा जोड सुटला.

एका मधल्या खांबापासून चारी दिशांना तारा नेल्या तर लांबचे सेन्सर अधूनमधून गायब होतात. एकच मुख्य तार भिंतीने फिरवून त्यावर एकेक सेन्सर टांगला की त्रास संपतो. ४.७ किलोओहमचा रोधक तार लांबल्यावर कमजोर पडतो, तिथे २.२ चा लावला. दोन तारांवर काम भागतं असं विक्रेता सांगतो. ऐकू नये, तिसरी वीजेची तार द्यावीच.

बाजारात याची नक्कल भरपूर मिळते. प्रत्येक सेन्सरला ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक असतो. तो वाचून नळीवर चिकटवला आणि वहीतही लिहिला. हे न केल्यास सेन्सर बदलला की जुना इतिहास नव्या सेन्सरच्या नावावर चढतो.

२७ मार्च

बर्फाची चाचणी. थर्मासमध्ये बारीक कुटलेला बर्फ काठोकाठ, त्यात फटी भरतील इतकंच पाणी. पाणी जास्त आणि वर बर्फाचे खडे तरंगताहेत असं असेल तर तळाला शून्य मिळत नाही. सेन्सर मधोमध बुडवून १५ मिनिटं थांबायचं, मग वाचायचं. अर्ध्या अंशाच्या बाहेर गेलेले सेन्सर बाजूला काढले. जवळ ठेवायचा एक संदर्भ तापमापक एनएबीएल मान्य प्रयोगशाळेतून तपासून आणला आहे. बाकी सगळे त्याच्याशी ताडायचे.

९ एप्रिल

नकाशा हाती आला. दुपारी तीन ते पाच या वेळात पश्चिमेकडचा वरचा रॅक आणि पूर्वेकडचा खालचा रॅक यांत आठ अंशांचा फरक. म्हणजे शेडचं तापमान किती या प्रश्नाला एक उत्तर नाही. आजवर तापमापक टांगलेला होता तो टेबलाशेजारी, पंख्याखाली. सगळ्या शेडमधली सर्वात थंड जागा तीच.

बदल : लेबलवर ‘३० अंशांखाली’ लिहिलेला माल पूर्वेकडे, खालच्या दोन कप्प्यांत. वरच्या रॅकवर फक्त कापूस, बँडेज, रिकाम्या पेट्या. पश्चिमेच्या भिंतीपासून एक फूट जागा मोकळी. कायमचे सेन्सर चारच ठेवले, त्यातला एक सर्वात तापणाऱ्या जागी. इंडियन फार्माकोपियाप्रमाणे ४० च्या वर म्हणजे ‘अति उष्णता’. वरचा रॅक एप्रिलमध्येच तिथवर जातोय.

टिनावर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) पसरायची सूचना भांडारातून आली. गारवा मिळतो हे खरं. पण आग, उंदीर आणि उधई ही तिन्ही संकटं डोक्यावर घेऊन औषधं ठेवता येत नाहीत. त्याऐवजी चुन्याचे दोन हात आणि आतून थर्माकोलची छत.

६ मे

कूलरचा प्रश्न. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला की शेड पटकन उतरतं. बाहेरची हवा कोरडी असते म्हणूनच ते जमतं. पण तापमान उतरतं ते आर्द्रता चढवूनच. दुपारी ठीक, रात्री कूलर तसाच चालू राहिला की पहाटे आर्द्रता ७५ टक्क्यांवर. पुठ्ठ्याच्या पेट्या मऊ पडतात, थप्पीतली खालची पेटी दबते. जिलेटिनच्या कॅप्सूलला दोन्हीकडून मार : फार कोरड्या हवेत कवच ठिसूळ होऊन तडकतं, फार दमट हवेत कॅप्सूल एकमेकींना चिकटतात.

नियम केला : आर्द्रता ६० च्या वर गेली की कूलरचा पंप बंद, पंखा चालू. समोरच्या भिंतीला एक्झॉस्ट हवाच, नाहीतर ओली हवा आतच घुमते. पावसाळ्यात कूलरला हातच लावायचा नाही. बाहेरचीच हवा ओली असते, गारवा मिळत नाही, नुसता ओलावा मिळतो.

आर्द्रतेचा सेन्सर कूलरच्या झोतात लावू नये. जाळीवर थेंब बसला की तो तासन् तास १०० दाखवत बसतो.

३१ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात तापणारे नऊ दिवस, चालू आहे. काल नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि दिवसभर फोनवर तेच फिरलं. हवामान खात्याने सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. डेपोत त्यावरून बरीच थट्टा झाली, पण आमच्या कामाला उदाहरण आयतं मिळालं. आकडा कितीही नेमका दिसो, शेजारी दुसरं वाचन ठेवल्याशिवाय त्याच्यावर माल फेकायचा नाही आणि माल वाचवायचाही नाही. सर्वात तापणाऱ्या जागी आज दुसरा सेन्सर लावला. दोघांत एका अंशापेक्षा जास्त फरक पडला तर आधी सेन्सरची तक्रार निघेल, नंतर मालाची.

साधी सरासरी की एमकेटी (मीन कायनेटिक टेंपरेचर, म्हणजे जास्त तापलेल्या तासांना जास्त वजन देणारी सरासरी), यावर गुणवत्ता विभागाशी दीर्घ बोलणं. उष्णतेने औषध बिघडण्याचा वेग तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, झपाट्याने वाढतो. म्हणून साधी सरासरी फसवते. एमकेटीची रीत : प्रत्येक नोंदीत २७३.१५ मिळवून केल्विन करायचं. उणे १०,००० ला त्याने भागायचं आणि e या संख्येचा तितका घात काढायचा. अशा सगळ्या उत्तरांची सरासरी, तिचा नैसर्गिक लॉगरिदम, त्याचं उणे चिन्ह काढून १०,००० ला त्याने भागायचं, मग २७३.१५ वजा. हे १०,००० येतात ८३.१४४ किलोज्यूल प्रति मोल या रूढ ऊर्जेला वायू स्थिरांकाने भागून.

उदाहरण वहीत लिहून ठेवलं. दिवसाचे १८ तास ३० अंश आणि ६ तास ४२ अंश. साधी सरासरी ३३. एमकेटी ३४.५. दीड अंशाचा हा फरक त्या सहा तासांचा आहे.

दोन इशारे सोबत. वर्षाची एमकेटी काढून नवतप्यातली एक आठवड्याची भट्टी हिवाळ्याच्या थंडीत जिरवायची नाही. एमकेटी आणि कमाल तापमान दोन्ही लिहायचं. आणि २ ते ८ मधल्या मालाला, जिथे गोठण्याची भीती आहे, हे गणित लावायचंच नाही. गोठलेलं इन्सुलिन सरासरीने बरं होत नाही.

१२ जून

आयएलआरच्या सूचना. सेन्सर उघडा ठेवला तर झाकण उघडताच बोंब होते. आठवड्यात लोक फोनच बघेनासे होतात. म्हणून ३० मिलिलिटरच्या बाटलीत ग्लिसरीन भरून त्यात सेन्सर बुडवला. आता तो हवेचं नव्हे, कुपीतल्या औषधासारखं तापमान सांगतो.

मर्यादा : ८ च्या वर सलग ३० मिनिटं गेली तर भांडारपालाला संदेश, तासाभरात उत्तर नाही तर डेपो प्रमुखांना. २ च्या खाली मात्र १० मिनिटांतच. गरम झालेल्या मालाला बहुधा थोडा अवधी असतो, गोठलेल्याला नसतो.

देवनागरी संदेश एका तुकड्यात ७० खुणांचाच जातो आणि काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येक वेगळी मोजली जाते. रोमन लिपीला १६० मिळतात. पहिला मसुदा तीन तुकड्यांत फुटत होता आणि तुकडे उलटसुलट क्रमाने पोचत होते. आताचा मजकूर ६३ खुणांचा :

‘आयएलआर १: ९.२ अंश, ३५ मि. झाकण बंद ठेवा. लाइन आहे? हो १, नाही २’

संदेशात काय करायचं ते आधी आणि प्रश्न शेवटी. उत्तर एका आकड्याचं, कारण रात्री दोन वाजता कोणी वाक्य लिहीत नाही. सविस्तर कारण सकाळी ड्यूटी संपायच्या आत.

जीएसएम मॉड्यूल (सिम कार्डावरून संदेश पाठवणारा भाग) संदेश पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. मोबाइलच्या साध्या चार्जरवर ते नेमकं त्याच वेळी बंद पडून पुन्हा सुरू होतं, आणि सूचना जातच नाही. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मॉड्यूलला अगदी लगटून आणि वेगळा पुरवठा. अँटेना टिनाच्या बाहेर काढली. आत ठेवून सिग्नल नाही म्हणणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात फोन ठेवून हाका मारणं. शेड ते कार्यालय हे अंतर लोरा या कमी विजेच्या रेडिओवर, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. भारतात हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो.

२४ जून

भांडारपालांच्या मुलाखती. ते लवकरच निवृत्त होणार आहेत. ‘तुम्हाला काय काय माहीत आहे’ असा प्रश्न विचारला तर माणूस गप्प होतो, नाहीतर नियमावली म्हणून दाखवतो. त्याऐवजी वहीतला एकेक शेरा उघडून विचारलं : त्या दिवशी आधी काय दिसलं, मग काय केलं, आणि दुसरं काय करता आलं असतं पण केलं नाही. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त निघतं.

निघालेल्यातलं थोडं :

‘लाइन गेली त झाकन उघडाचं नाही. आत काय झालं ते बाहेरूनच कळते, पेटीच्या कडेले घाम आला का पाहाचं.’

महामार्गावरून येणारी गाडी दुपारी ढाब्यावर उभी राहते. त्या दोन तासांत माल सगळ्या प्रवासापेक्षा जास्त तापतो. उन्हाळ्यात गाडी सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी सातनंतरच पोचेल असं मागणीपत्रावरच लिहावं. (हे आता छापील मागणीपत्रात घातलं आहे. गाडीतही एक नोंदक.)

आणि सर्वात मोलाचं : जिनिंग सुरू झाली की हवेत रुई उडते आणि आयएलआरच्या मागच्या जाळीवर नमद्यासारखी बसते. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याला मागची बाजू झाडावी लागते. हे कंपनीच्या कोणत्याही देखभाल पत्रकात नाही.

त्यावरून एप्रिलचे आकडे पुन्हा काढले. आयएलआर २ चं तापमान तेव्हा पूर्ण वेळ २ ते ८ मध्येच होतं, म्हणून सूचना एकही गेली नव्हती. पण आलेखातले करवतीचे दात बघितले तर गोष्ट वेगळी. कॉम्प्रेसर चालू असताना आकडा उतरतो, बंद झाला की चढतो. एप्रिलच्या सुरुवातीला उतरण लांबट आणि चढण तोकडी, म्हणजे कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नव्हता. १६ एप्रिलनंतर दात एकदम सारखे. वहीत त्या तारखेला शेरा : ‘मागे झाडले.’ यंत्राला फरक दिसला होता, पण त्याचा अर्थ या दोन शब्दांत होता.

आता कॉम्प्रेसर चालू राहण्याचं प्रमाण वेगळं मोजतो. आठवड्याच्या सरासरीपेक्षा सलग तीन दिवस जास्त गेलं तर संदेश : ‘मागची जाळी पाहा.’ काम सोपं आहे. प्लग काढायचा, मऊ ब्रशने वरून खाली झाडायचं, पाणी मारायचं नाही, १५ मिनिटांनी पुन्हा चालू. जाळीची पाती वाकवू नयेत.

८ जुलै

बॅच स्कॅनिंग. दोन तऱ्हेचे कोड येतात.

एक, १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर सक्तीचा झालेला कोड, शेड्यूल एच२ चा. यात औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत, परवाना क्रमांक असायला हवेत. काहींच्या कोडमध्ये मजकूर थेट असतो, काहींत फक्त वेब पत्ता. दुसऱ्याला नेटवर्क नसलं की काहीच कळत नाही, म्हणून बॅच डोळ्यांनी वाचून भरायची सोय ठेवलीच पाहिजे.

दोन, पेटीवरचा जीएस१ या आंतरराष्ट्रीय पद्धतीचा कोड. ०१ नंतर १४ अंकी जीटीआयएन (मालाचा ओळख क्रमांक), १७ नंतर मुदत, १० नंतर बॅच, २१ नंतर अनुक्रमांक. इथे तीन खड्डे.

बॅचची लांबी ठरलेली नसते, कमाल २० खुणा. ती कुठे संपते हे सांगायला मध्ये एक न दिसणारी विभाजक खूण असते. स्वस्त स्कॅनर ती गिळून टाकतो आणि बॅच व अनुक्रमांक एकमेकांना चिकटतात. मग एकाच बॅचच्या प्रत्येक पेटीची वेगळी बॅच तयार होते. स्कॅनरच्या मांडणीत ही खूण पाठवण्याचा पर्याय चालू करायचा.

मुदतीच्या तारखेत दिवसाच्या जागी ००. याचा अर्थ महिन्याचा शेवटचा दिवस. एका प्रणालीने ती तारीखच नाही म्हणून नाकारली, दुसरीने १ तारीख धरली. ‘०८/२०२४’ छापलेला माल ३१ ऑगस्टपर्यंत चालतो. १ ऑगस्ट धरला तर चांगला माल एक महिना आधीच अडकतो, आणि इथे एक महिना म्हणजे ऐन हंगाम.

तिसरा खड्डा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतो. पडद्यावर इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी चालू असेल तर बॅचमधला के हा ‘ख’ होऊन पडतो. पडद्यावर स्कॅनिंगचा रकाना उघडताच कीबोर्ड आपोआप इंग्रजीवर आणायची ओळ टाकली.

५ ऑगस्ट

कारणांची यादी नव्याने केली. मुख्यालयातून आलेल्या यादीत वीजपुरवठा, यंत्रबिघाड, मानवी चूक, वाहतूक आणि इतर, एवढेच पर्याय होते. पहिल्या दोन महिन्यांतली बहुतेक कारणं ‘इतर’ मध्ये गेली. ‘मानवी चूक’ कोणीच निवडलं नाही, कारण आपल्या हाताने आपल्यावर ठपका कोण ठेवेल?

नवी यादी वहीतल्या शेऱ्यांवरून : लाइन गेली, लाइन होती पण व्होल्टेज कमी, स्टॅबिलायझरने तोडलं, जाळीवर रुई किंवा धूळ, झाकण नीट बसलं नाही, नवा माल एकदम भरला, उंदराने तार कुरतडली, रिलेत पाल अडकली, सेन्सर खोटा, गाडी उन्हात थांबली. ‘मानवी चूक’ काढून टाकलं. ‘झाकण नीट बसलं नाही’ हे लोक बिनदिक्कत लिहितात आणि त्यावर उपायही करता येतो : झाकणाचं रबर बदला.

प्रत्येक घटनेचं एक पत्रक, पाच ओळींचं. काय दिसलं, कशामुळे, काय केलं, कोणत्या बॅचना लागलं, मालाचं काय करायचं ते कोणी ठरवलं. शेवटची ओळ रिकामी असेल तर पत्रक बंद होत नाही. पाचव्या ओळीत डेपोचं नाव चालत नाही. डेपोने माल अलग ठेवायचा, निर्णय कंपनीच्या गुणवत्ता विभागाचा. तोपर्यंत त्या बॅचवर लाल फीत आणि संगणकातही कुलूप.

पत्रकात दुरुस्ती केली तरी जुना मजकूर पुसला जात नाही, खाली नवी ओळ पडते, वेळ आणि नावासह.

१९ ऑगस्ट

मागणीचा अंदाज. ई-औषधी या सरकारी औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीत साठा दिसतो, पण मागणी मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर काढायची सवय आहे. या भागात त्यानेच घात होतो.

अ‍ॅट्रोपिन, कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं इंजेक्शन. कपाशीवरची फवारणी ऑगस्ट ते ऑक्टोबर जोरात. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. मे ते जुलैची सरासरी काढली तर अ‍ॅट्रोपिन लागतच नाही असं दिसतं. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत डॉक्टर १.८ ते ३ मिलिग्रॅमने सुरुवात करतात आणि गुण येईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. अँप्युल ०.६ मिलिग्रॅमचा. तीन अँप्युलने सुरुवात धरली तर ३, ६, १२, २४ : पंधराव्या मिनिटाला ४५ अँप्युल गेले, तेही एका रुग्णाला, आणि पुढे सलाइनमधून चालूच. ज्या केंद्रात ‘महिन्याला दहा’ अशी मागणी आहे तिथे पहिल्या रुग्णालाच साठा पुरत नाही.

सर्पदंशाची लस. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांवर चालणारी. घोणसीला इकडे परड म्हणतात, मागणीपत्रावर कोणी परड लिहिलं तरी कुपी तीच. सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात. किमान साठा सरासरीवर नव्हे, रुग्णावर बांधला : दोन रुग्णांची सुरुवात म्हणजे वीस कुप्या, आणि दहा उरल्या की त्याच दिवशी मागणी. भुकटीच्या आणि द्रवाच्या कुपीची साठवण वेगळी, लेबल वाचूनच जागा ठरवायची. मुदत आधी संपणारी पुढे. एका केंद्रात मुदत जवळ आली की फवारणीच्या किंवा पेरणीच्या पट्ट्यातल्या दुसऱ्या केंद्राला हलवायची, परत पाठवून नष्ट करायची नाही.

हे हंगामी तक्ते कंपनीच्या उत्पादन नियोजनालाही पाठवले. सर्पविषाची लस घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनते. आज मागितली आणि महिन्यात बनवून दिली असं होत नाही. जुलैची गरज कारखान्याला आदल्या वर्षीच कळायला हवी.

१६ सप्टेंबर

पत्रकांत शोधायची सोय. जुन्या वह्यांचे फोटो काढून संगणकाकडून वाचून घ्यायचा प्रयत्न सोडला. घाईत लिहिलेली मराठी, त्यात कार्बन कॉपी, ओळीला ओळ लागत नाही. त्यापेक्षा एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने टंकायचं, हे जलद आणि बिनचूक होतं.

प्रश्नाला आपोआप उत्तर लिहून देणारं एक साधनही तपासलं. ‘फ्रीजर उणे १५ अंशांवर आला, काय करू’ याला त्याने आयएलआरच्या पत्रकातली कृती, ‘उणे’ चिन्ह गाळून, छान भाषेत दिली. भाषा छान हीच अडचण आहे, चूक कळत नाही. ते साधन आता फक्त जुळणारी तीन मूळ पत्रकं दाखवतं : तारीख, बॅच, लिहिणाऱ्याचं पद आणि मजकूर जसाच्या तसा. निष्कर्ष काढत नाही.

सरकारी औषध कंपन्यांच्या जुन्या कागदपत्रांबाबत एक गोष्ट इथेच नोंदवतो. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ ची, आयडीपीएल १९६१ ची. २०१६ च्या डिसेंबरात केंद्राने आयडीपीएल बंद करण्याचा निर्णय घेतला. यंत्रांचा लिलाव होतो, जमिनीचं मूल्यांकन होतं. कोणत्या बॅचला कोणत्या उन्हाळ्यात काय झालं आणि का, याचं मूल्यांकन करणारा कोणी नसतो. म्हणून पत्रकांची एक प्रत डेपोत, एक मुख्यालयात आणि दोन्ही साध्या मजकुराच्या फायलीत. ज्या सॉफ्टवेअरचं नूतनीकरण थांबलं की फाइल उघडत नाही, त्यात काहीही ठेवायचं नाही.

१४ ऑक्टोबर

आयएलआर १ पहाटे १.४ वर. सूचना दहाव्या मिनिटाला गेली, उत्तर आलं. थर्मोस्टॅट उन्हाळ्यात वर फिरवलेला होता, रात्री गार पडू लागल्यावर कोणी खाली आणला नाही. तळाला इन्सुलिनच्या पेट्या, टोपलीत न ठेवता थेट. आयएलआरमध्ये सर्वात थंड जागा तळ असते.

ग्लिसरीनची बाटली वरच्या टोपलीत होती, म्हणजे तळ १.४ पेक्षाही खाली गेला असणार. तळाच्या दोन्ही बॅच अलग ठेवून लाल फीत. हलवून बघायची चाचणी इथे लागू नाही, ती गोठल्याने बिघडणाऱ्या ठराविक लसींसाठी आहे, आणि इन्सुलिन दिसायला स्वच्छ राहिलं म्हणून चांगलं ठरत नाही. निर्णयासाठी पत्रक गुणवत्ता विभागाकडे.

कारणांच्या यादीत भर : ‘ऋतू बदलला, थर्मोस्टॅट तोच.’ कॅलेंडरवर १ ऑक्टोबर आणि १५ मार्च या तारखांना थर्मोस्टॅट तपासणी. दुसरी बाटली तळाला.

२८ ऑक्टोबर

गुणवत्ता विभागाचं उत्तर आलं : दोन्ही बॅच रद्द. पत्रक बंद.

बाकी कामं. जिनिंग सुरू होण्याआधी दोन्ही आयएलआर आणि फ्रीजरची मागची बाजू झाडणं. ‘मागची जाळी पाहा’ या संदेशाची मर्यादा या हंगामाच्या आकड्यांवर पुन्हा ठरवणं. सगळे सेन्सर बर्फात तपासणं. हिवाळ्याचा नकाशा डिसेंबरात. रुईचं देखभाल पत्रक कंपनीच्या इतर कापूसपट्ट्यातल्या डेपोंना पाठवायचं आहे. अकोल्याला गेलं, परभणीचं राहिलं.